वाक्प्रचारांचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषीच्या कुळात भलतेच काही निघते आणि नदीच्या उगमाशी चार बोटे पाण्याखेरीज काही नसते, म्हणून हा इशारा. वाक्प्रचारांच्या बाबतीत मात्र लोक हा इशारा मुळीच मानीत नाहीत. कोणतीही म्हण घ्या, तिची उत्पत्ती सांगणारा एक तरी गृहस्थ सभेत निघतोच. आणि ती सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता असते की त्याला अडवू नये असेच वाटते. आज मात्र आम्ही थोडे अडवणार आहोत.

पहिला मान संक्रांतीचा. नोकरीवर संक्रांत आली, धंद्यावर संक्रांत कोसळली, असे आपण सहज बोलून जातो. हा प्रयोग कोठून आला असे विचारले की दहांपैकी आठ जण पानिपताचे नाव घेतात. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत. तेव्हा त्या दिवशी मराठ्यांवर जी कोसळली ती संक्रांत. युक्तिवाद इतका सुबक आहे की शाळेतले गुरुजी तो सांगतात, वक्ते सांगतात आणि दर जानेवारीत तो मोबाइलवरून घरोघर फिरतो. आम्हीही तो कित्येक वर्षे खरा मानीत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता हिशेब मांडून पाहू. आपल्या पंचांगातली मकरसंक्रांत आणि इंग्रजी कॅलेंडर यांची चाल एक नाही. सुमारे सत्तर वर्षांत संक्रांत इंग्रजी तारखेच्या मानाने एक दिवस पुढे सरकते. आमच्या लहानपणी चौदाला हटकून येणारी संक्रांत आता मधून मधून पंधराला येते, हे आपण पाहतोच आहोत. पुढे सरकणारी गोष्ट मागे जाताना उलटी सरकणार, हे उघड आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, हे त्यांच्या चरित्रात आपण वाचलेले असते. आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३ ही तर पाठच असते. ही दोन वाक्ये आपण शेजारी शेजारी वाचतो, पण त्यांचा अर्थ लावीत नाही. १८६३ साली संक्रांत बाराला होती! मग आणखी एक शतक मागे गेले तर ती दहा-अकराच्या सुमारास पडते. म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले त्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. मराठ्यांच्या छावणीत तेव्हा तीळ आणि गूळ कसला, माणसांना दाणा आणि जनावरांना वैरणही उरली नव्हती, म्हणून तर बाहेर पडून लढाई द्यावी लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या मराठी माणसाला हा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, शके १६८२ म्हणून ठाऊक होता. १४ जानेवारी ही तारीख त्याच्या ध्यानीमनी नव्हती. पानिपत आणि संक्रांत यांची गाठ घालायची तर आधी इंग्रजी कॅलेंडर घराच्या भिंतीवर यावे लागते आणि नंतर संक्रांतही सरकत सरकत चौदा तारखेवर येऊन बसावी लागते. या दोन्ही गोष्टी जुळून आल्या त्या विसाव्या शतकात. तेव्हा ही कथा पेशवाईतली नाही. ती कॅलेंडरातली आहे.

मग संक्रांत वाईट कशी झाली? त्याचे उत्तर पंचांगातच आहे. संक्रांतीचे फल म्हणून जे सांगतात त्यात संक्रांत ही एक देवता कल्पिलेली आहे. ती अमुक वाहनावर बसून, अमुक रंगाचे वस्त्र नेसून, अमुक दिशेकडून येते आणि अमुक दिशेकडे पाहते. तिने जे अंगावर घेतले ते महागणार, जिकडे तिची दृष्टी गेली तिकडे पीडा होणार. गावच्या जोशीबुवांच्या तोंडून दरवर्षी हे ऐकणाऱ्या कुणब्याला ‘आमच्यावर संक्रांत आली’ असे म्हणायला पानिपतापर्यंत जाण्याची गरज नव्हती. सणाच्या गोड बोलण्यामागे ही भीती आजही आहे. एखाद्या वर्षी संक्रांत अमक्या रंगावर आली म्हणून त्या रंगाची साडी कपाटातून न काढणाऱ्या बायका डहाणूतही असतील.

हा रोग मराठीचाच आहे असे कोणी समजू नये. इंग्रजीत ठोकळ अंदाजाला ‘रूल ऑफ थंब’ म्हणतात. नवऱ्याने बायकोला अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने मारावे असा इंग्लंडात कायदा होता, त्यावरून हा शब्द आला, असे तिकडचे शिकलेले लोकही सांगतात. असा कायदा कोणाला सापडलेला नाही. १७८२ साली बुलर नावाच्या न्यायाधीशाने असे काही मत दिल्याची बोलवा उठली आणि गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याची ‘न्यायमूर्ती अंगठा’ म्हणून टर उडवली, एवढे खरे. पण तो शब्द त्याच्याही शंभर वर्षे आधीपासून इंग्रजीत वापरात होता. अंगठ्याने माप घेणारा कोणी सुतार किंवा शिंपी त्याचा जनक असावा, हे सरळ आहे. परंतु सुताराच्या अंगठ्यापेक्षा न्यायाधीशाचा अंगठा लोकांना अधिक आवडतो.

याचा अर्थ इतिहासाशी जोडलेली प्रत्येक उत्पत्ती खोटी, असाही नाही. ‘पानिपत होणे’ पानिपतावरूनच आले आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ १७५८ च्या स्वारीवरून. ‘विश्वास तर पानिपतातच मेला’ हे उधारी मागणाऱ्याला दिलेले उत्तर विश्वासरावांच्या नावावरची कोटी आहे, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या दुःखावर इतकी थंड कोटी करणारा आपला समाज मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. ‘ध चा मा करणे’ याची हकीकत सर्वांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे म्हणतात. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात ही गोष्ट आहे, आणि आनंदीबाईंचे नाव तो सर्वांची समजूत म्हणूनच देतो. तेव्हा वाक्प्रचार खुनावरून आला हे निश्चित. अक्षर कोणी फिरवले, याचा निकाल मात्र न्यायाधीशाने नव्हे तर म्हणीने दिला. बाईच्या माथ्यावर बसलेला तो डाग आज कोणते कागद धुऊन काढणार?

राजवाडा आणि रणांगण सोडले की बहुतेक म्हणी साध्या घरांतून आणि साध्या धंद्यांतून निघालेल्या दिसतात. ‘नमनाला घडाभर तेल’ ही रात्रभर चालणाऱ्या खेळांतली. विजेचे दिवे नव्हते, मशालीवर तेल ओतीत खेळ चाले. आरंभीचे नमनच लांबले तर घडा तेथेच रिकामा व्हायचा आणि पुढच्या वगाला अंधार. आमच्या व्याख्यानालाही ही म्हण लागू पडेल की काय, अशी धास्ती आहे. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ यातली ती कोण, असा प्रश्न आम्हांला एका मुलीने केला होता. तिची समजूत मिरचीची होती. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, हे खरे. परंतु ही मिरची नव्हे, ही गुराची शिंगे. कान जन्मतः असतात, शिंगे कानांमागून उगवतात आणि तिखट होतात, म्हणजे तीक्ष्ण होतात. ‘तिखट’ हा शब्दच ‘तीक्ष्ण’ यावरून आलेला आहे. तिखटाचा धारदारपणा गेला आणि जिभेवरची आग तेवढी राहिली, म्हणून म्हण आपल्याला कोडे वाटू लागली. गुराख्याला ती कोडे वाटली नसती.

आता आपल्या गावाकडे येऊ. डहाणू हे नाव ‘धेनु’ यावरून पडले. येथे गाई पुष्कळ होत्या, हे मूळचे धेनुग्राम, असे येथला प्रत्येक जाणता माणूस सांगतो आणि पुस्तकांतूनही ते छापलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे जे लेणे आहे त्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख. उषवदाताने कोणकोणत्या नद्यांवर फुकट उतारासाठी नावा ठेवल्या, त्यांची नावे त्यात दिली आहेत: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. दमण आणि तापी आपण आजही त्याच नावांनी ओळखतो, आणि दाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. गंमत पुढेच आहे. याच लेखात उषवदाताने तीन लक्ष गाई दान दिल्याची प्रौढी सांगितली आहे. ज्याच्या लेखात पहिल्यापासून गाईच गाई आहेत, त्याच्या लेखकाला या नावात मात्र धेनु दिसली नाही! त्याने ‘दाहनुका’ असेच लिहिले. धेनु मागाहून, शिकल्यासवरल्या लोकांनी आणून बांधली.

दोष देण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. नाव निरर्थक राहू देणे माणसाला सोसवत नाही. आपला तर हा सीमेवरचा मुलूख. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरली की बंदरपट्टी आणि जंगलपट्टी एकाच रस्त्याला लागते, आणि त्या गर्दीत मराठी, गुजराती, वारली, मांगेली असे बोल एकमेकांवर आदळत असतात. गुजराती दुकानदार ‘वांधो नथी’ म्हणतो तेव्हा त्याची हरकत नसते. मराठी गिऱ्हाईक ‘वांधे झाले’ म्हणते तेव्हा त्याची पंचाईत झालेली असते. शब्द एकच, पण सीमा ओलांडताना त्याची हरकत जाऊन अडचण झाली. अशा मुलखात शब्दांच्या गोष्टी रचल्या जाणारच.

परंतु असाही एक वाक्प्रचार आहे की ज्याची उत्पत्ती सांगायला सभेत कोणी उठत नाही. तो म्हणजे ‘वेठीस धरणे’. वर्तमानपत्र उघडा, आठवड्यातून एकदा तरी हा मथळा सापडतो. अमक्यांनी प्रवाशांना वेठीस धरले, तमक्यांनी रुग्णांना वेठीस धरले. त्याला राजा नाही, लढाई नाही, कारस्थान नाही. त्याची एकही दंतकथा आमच्या ऐकण्यात नाही. आणि ज्या तालुक्यांत आपण बसलो आहोत त्यांत त्याचे मूळ शोधायला पांडवलेण्यांत जाण्याचेही कारण नाही. येथे ते माणसांच्या आठवणीत होते.

शब्दाचे कूळ आधी सांगतो. संस्कृतात सक्तीच्या, बिनमोलाच्या कामाला ‘विष्टि’ म्हणत. मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दीठ झाली, तशी विष्टीची वेठ झाली. आणि बिल्वाचा बेल होताना जसा ‘बि’चा ‘बे’ झाला तसा येथे ‘वि’चा ‘वे’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि आहे. जुनागडला गिरनारच्या पायथ्याच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन याचा इसवी सन १५० चा लेख आहे. फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध आपण पुन्हा बांधला, आणि तो प्रजेला कर, विष्टि किंवा नजराणे यांनी न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला, असे तो अभिमानाने नोंदवतो. राजाला ही गोष्ट खडकावर कोरून ठेवावीशी वाटली, यावरून इतर वेळी काय चालत असेल ते समजते. उषवदात आणि रुद्रदामन काळाने जवळजवळचे. तेव्हा डहाणू हे नाव आणि वेठ हा शब्द, दोघांचेही वय एकोणीसशे वर्षांच्या घरात निघते. पुढे फारसी ‘बेगार’ आला आणि त्याच अर्थाचे दोन शब्द एकमेकांना चिकटून ‘वेठबिगार’ झाला.

आता मूळ. आज ज्याला तलासरी तालुका म्हणतो तो १९६० पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. जुन्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांच्या जंगलपट्टीत वारली जमीन कसत, पण त्यांच्यापैकी फारच थोड्यांची ती नावावर होती. मालक सावकार, जमीनदार किंवा जंगलाचे ठेकेदार. मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला नेमले होते. त्याचा अहवाल १९३९ साली छापून निघाला. हा काही चळवळीतला माणूस नव्हता, इंग्रज सरकारचा नोकर होता. त्याने लिहिलेल्याचा सारांश असा की, जंगलपट्टीतल्या प्रत्येक कुळाला मालक बोलावील तेव्हा आणि बोलावील तितके दिवस कामाला जावे लागते. नाही म्हटले किंवा वेळ लावला तर मार बसतो. मजुरी जास्तीत जास्त रोजचा एक आणा, आणि पुष्कळदा त्याऐवजी एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरेल एवढा तांदूळ.

याला येथे ‘वेठ’ म्हणत. कोणी वाक्प्रचार म्हणून म्हणत नसे. कामाचे ते नावच होते.

त्या शब्दाच्या आसपास आणखी शब्द होते, आणि त्यांतला ‘लग्नगडी’ हा तर ऐकूनच थांबावे असा आहे. गडी या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. खेळातला गडी म्हणजे सोबती, घरातला गडी म्हणजे नोकर. लग्नगडी म्हणजे लग्नातला सोबती असेल असे शहरातल्या माणसाला वाटेल. तसे नाही. लग्नाचा खर्च भागवण्यासाठी ज्याने मालकाकडून थोडेसे रुपये घेतले आणि त्यांच्या फेडीसाठी स्वतःला मालकाच्या दारी बांधून घेतले, तो लग्नगडी. लग्न दोघांचे, म्हणून राबायची दोघे. हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही वाचता येणारा एकटा मालक. त्यामुळे वर्षे जात पण कर्ज जात नसे.

दुसरा शब्द ‘खावटी’. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की मालकाकडून खायला भात आणायचे, ती खावटी. सुगीला ते दीडपट, कधी दुप्पट करून घालायचे. येथे आम्हांला ‘दामदुप्पट’ या शब्दाची आठवण होते. आज दामदुप्पट म्हणजे ठेवीचे पैसे दुप्पट करून देणारी योजना, आणि असल्या योजनेत किती जणांचे मूळ दामही बुडाले ते सांगायला नको. मूळचा दामदुप्पट अगदी उलट होता. धर्मशास्त्राने सावकाराला घातलेली ती मर्यादा होती: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, सगळे मिळून दुप्पट झाले की बस. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांच्या कोर्टांनीही हिंदू ऋणकोला हा नियम लागू केला. ऋणकोच्या संरक्षणाचा शब्द धनकोच्या लाभाचा होऊन बसला. पण त्या नियमातही एक मेख होती. मनुस्मृतीत ही दुपटीची मर्यादा पैशाच्या कर्जाला आहे, धान्याच्या कर्जाला पाचपटीपर्यंत मोकळीक आहे. आणि जंगलपट्टीतले कर्ज मुख्यतः पोटाचे, म्हणजे धान्याचे होते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगावकडचे काही वारली तेथे गेले होते. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले, आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांची सभा भरली. तिचा ठराव सांगायला फार शब्द लागत नाहीत: वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही. त्या उन्हाळ्यात गावोगाव लग्नगडी मालकांची घरे सोडून निघाले. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळे लिहिले आहे; ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. त्यांच्या पक्षाविषयी आपले मत काहीही असो, या दोन तालुक्यांत त्या वर्षी जे घडले ते आपल्या इतिहासाचा भाग आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींचे आजोबा वेठ घेणारे असतील आणि काहींचे वेठ देणारे, हेही बोलून टाकलेले बरे.

पुढे कायदे झाले. कुळकायदा १९४८ चा. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली. त्या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवला आहे, कारण नेमका तो अर्थ सांगणारा इंग्रजी शब्द नव्हता. आणि तरीही १९७६ साली वेठबिगारीच्या उच्चाटनाचा आणखी एक कायदा करावा लागला. जी गोष्ट घटनेने बंद केली ती पुन्हा बंद करण्यासाठी सव्वीस वर्षांनी कायदा लागतो, यावरून ती किती जिवट होती ते दिसते.

आता वाक्प्रचाराकडे पुन्हा पाहू, कारण आमचा मुद्दा तेथे आहे. ‘वेठ मारल्यासारखे काम करू नकोस’ असे आई मुलीला म्हणते, मुकादम गड्याला म्हणतो. त्याचा अर्थ कसेबसे, अंगचोरपणाने उरकलेले काम. ‘पाट्या टाकणे’ हा त्याचाच भाऊ. पाटीवर पाटी मातीची वाहणाऱ्या मजुरावरून आलेला. या दोन्ही प्रयोगांत तक्रार कोणाची आहे ते पाहा. काम नीट झाले नाही ही काम करवून घेणाऱ्याची तक्रार आहे. ज्याने ते केले त्याला दाम मिळाला नव्हता, तो मारून आणला होता, ही त्याची तक्रार भाषेत कोठेच टिकली नाही. भाषेत वेठ शिल्लक राहिली ती मालकाच्या तोंडची. म्हणूनच तिला दंतकथा चिकटली नसावी. दंतकथा रचायला मनात कौतुक किंवा हळहळ असावी लागते; पानिपताविषयी ती आहे, नारायणरावांविषयी आहे.

आणि ‘वेठीस धरणे’ याचा तर अर्थच फिरला. वेठीला धरणे म्हणजे माणूस रस्त्यातून पकडून फुकट कामाला जुंपणे. हल्ली त्याचा अर्थ अडवून ठेवणे, ओलीस धरणे असा झाला आहे. अर्थ बदलतात, त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. तिखटाची शिंगेही गेलीच. परंतु हा बदल पुष्कळदा कोणाच्या संबंधात दिसतो? मजुरी वाढवून मिळावी म्हणून ज्यांनी काम थांबवले त्यांच्या. काम करायला नकार देणारा हा इतरांना वेठीस धरतो, असे आपण वाचतो आणि मान डोलावतो. ज्या शब्दाचा अर्थ बिनमजुरीचे सक्तीचे काम, तो आता मजुरीसाठी काम नाकारणाऱ्याला लावला जातो. धेनूपेक्षा आणि संक्रांतीपेक्षा हे कोडे आम्हांला मोठे वाटते, कारण ते घडत असताना आपण सगळे हजर होतो.

एक उदाहरण येथलेच आहे. पावसाळा संपला की जंगलपट्टीतले गवत कापून मुंबईच्या तबेल्यांकडे पाठवायचे, हा मोठा व्यापार होता. १९४५ च्या हंगामात वारल्यांनी ठरल्या दराशिवाय विळा लावायचा नाही असे ठरवले. गवत उभे राहिले, व्यापार अडला. त्या वेळी आजची वर्तमानपत्रे असती तर त्यांनी मथळा काय दिला असता ते आपण ताडू शकतो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे चौघे, अशी पाच माणसे मेली. वारल्यांनी मागितलेला दर होता पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये.